जुन्या गाडीचं इंजिन ठोकतंय? खोलण्याआधी ठोका कुठला ते असं ओळखा

खानदेशात रोजची कितीतरी कामं अजून जुन्या गाड्यांच्या जिवावर चालतात. रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात जुनी पिकअप, धडगावच्या चढांवर महिंद्राची डिझेल जीप, गावोगावच्या वऱ्हाडाला पहिली टाटा सुमो आणि घरच्या कामाला मारुती ८००. अशा गाडीच्या इंजिनातून ठोका यायला लागला की सल्ले दोनच मिळतात. एक, जाड ऑइल टाका. दुसरा, इंजिन उतरवा. पहिल्याने आवाज दबतो आणि बिघाड तसाच वाढत राहतो. दुसऱ्याने बऱ्याचदा ढिल्या पुलीसाठी किंवा डिझेलचा फवारा मारणाऱ्या एका खराब नोजलसाठी अख्खं इंजिन खोललं जातं. ठोका कुठून येतो हे इंजिन न उघडता बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. त्यासाठी तपासणीचा क्रम पाळायला हवा.

सगळ्यात आधी गाडी चालवायची की नाही ते ठरवा. आवाज खोल, जड आणि खालून येत असेल, सोबत ऑइलचा दिवा लागत किंवा लुकलुकत असेल, तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी ओढून न्या. "गॅरेज पाचच किलोमीटरवर आहे" म्हणून तशीच चालवली तर बेरिंगचा पत्रा क्रँकवर (इंजिनाच्या खालच्या फिरत्या मुख्य दांड्यावर) फिरतो, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग दुरुस्त करायला काही उरत नाही. वरून येणारी हलकी टिकटिक असेल तर घाबरायचं कारण नाही, तपासणी निवांत करा.

पहिली तपासणी ऑइलची

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑइल भरा आणि मगच आवाज ऐका. ऑइल कमी पडलं की वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि चांगलं बेरिंगही ठोकतं. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर ते जास्त गंभीर समजा. न भरता ऑइल वाढलं म्हणजे त्यात डिझेल, पेट्रोल किंवा पाणी उतरतंय. वास घ्या, दोन बोटांत चोळून बघा. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ लागतं आणि त्याला डिझेलचा उग्र वास येतो. पाणी मिसळलं तर ते दुधट होतं. फीड पंप, इंजेक्शन पंपाचं सील किंवा गळणारं नोजल यापैकी काहीतरी डिझेल खाली सोडत असतं. ते आधी बंद करा, नाहीतर नवं ऑइलही काही दिवसांत पातळ होईल.

ऑइलचा ग्रेडही, म्हणजे ते किती जाड आहे तेही, बघा. जुन्या डिझेल इंजिनांना साधारणपणे १५ डब्ल्यू ४० चालतं, जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांना २० डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५०. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा झिजलेल्या बेरिंगमधली ऑइलची फिल्म पातळ होते, म्हणून सकाळी गप्प असलेलं इंजिन दुपारी चढाला लागलं की ठोकायला लागतं. आवाज कधी येतो हे म्हणूनच नीट टिपून ठेवा. थंड इंजिनावर येऊन गरम झाल्यावर जातो, की गरम झाल्यावरच येतो, या एका उत्तराने अर्धा तपास होतो.

ऐकायचं कसं

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांमागे दगड. गळ्यातला रुमाल काढून ठेवा, बाह्या वर करा, फॅन आणि बेल्टपासून हात लांब. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप स्वस्तात मिळतो. नसेल तर फूटभर लांबीचा पेचकस घ्या, टोक इंजिनावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. टोक घट्ट धातूवर हवं, पत्र्याच्या झाकणावर नको, कारण पत्रा सगळेच आवाज मोठे करतो.

वरून खाली या. आधी टॅपेट कव्हरच्या (व्हॉल्व्हवरच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) बोल्टवर, मग हेडवर प्रत्येक सिलिंडरच्या जागी, मग ब्लॉकच्या वरच्या भागावर, मग चेंबर, म्हणजे खालचं ऑइलचं पात्र, जिथे ब्लॉकला बसतो त्या कडेवर, शेवटी पुढे टायमिंग कव्हर आणि मागे बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच). प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद थांबा. आवाज सगळीकडे पोचतो, पण एका जागी तो टोकदार लागतो. ती जागा खडूने खुणवा.

आवाजाचा वेगही मोजता येतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला, म्हणजे पाय न दाबता, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका टॅपेटचा आवाज मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा येईल. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला येणारा आवाज याच्या दुप्पट. पेट्रोल गाडीवर पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट (दर ठिणगीला चमकणारा दिवा) लावा. दर चमकेला एक ठोका असेल तर टॅपेट, किंवा प्रत्येक ज्वलनाबरोबर येणारा आवाज. दर चमकेला दोन असतील तर क्रँककडे बघा. एक ठोका आला म्हणून खालचा भाग निर्दोष मात्र ठरवू नका, कारण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर ज्वलनाचा दणकाही दोन फेऱ्यांतून एकदाच बसतो.

इंजिनाबाहेरचे चोर

इंजिनाच्या नावावर खपणारे बरेच ठोके इंजिनाच्या आतले नसतातच. सगळे बेल्ट काढा आणि इंजिन फक्त अर्धा-एक मिनिट चालवा. वॉटर पंप बंद असल्यामुळे त्याहून जास्त नको. आवाज गेला तर अल्टरनेटर, त्याच्या मागचा व्हॅक्यूम पंप, वॉटर पंपाचं बेरिंग किंवा फॅन, यांतच दोष आहे. जुन्या डिझेल जीप-सुमोमध्ये व्हॅक्यूम पंपाची पाती झिजली की चांगलाच ठोका देतात. मारुती ८०० चा कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टवर चालतो. तो बेल्ट या तपासणीत काढायचा नसतो.

मग क्रँक पुली हाताने हलवून बघा. पुलीचा बोल्ट ढिला असेल किंवा पुली क्रँकवर अडकवून ठेवणाऱ्या चावीची खाच झिजली असेल तर येणारा ठोका हुबेहूब बेरिंगसारखा असतो. पुलीच्या मध्ये रबर असेल तर ते फाटलं आहे का तेही बघा. मागच्या बाजूला फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असले तरी असाच आवाज येतो. क्लच दाबा: दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेरिंग. क्लच दाबल्याने ठोकाच बदलला किंवा थांबला तर फ्लायव्हील आणि क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ, दोन्ही तपासायला हवेत. इंजिन सुरू-बंद होताना आणि गिअर टाकताना एकच दणका बसत असेल तर माउंटिंगचं रबर बघा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं की येणारी टिकटिक टॅपेटसारखी वाटते. थंडीत जास्त आणि लोखंड तापून फुगलं की कमी. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवा. फट असेल तिथे फुसफुस थेट कानात येते, शिवाय जवळ काजळीची काळी रेघ दिसते. डिझेलमध्ये नोजलखालचा तांब्याचा वॉशर बसला नसेल तरी असाच आवाज येतो.

टॅपेट

हलकी, टोकदार, वरून येणारी, रेस वाढवली की वेगाने वाढणारी टिकटिक म्हणजे टॅपेट. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर साधारण ०.१५ ते ०.४० मिमी या टप्प्यात असतं, आणि एक्झॉस्टचं बहुधा जास्त. गाडीचा नेमका आकडा आणि तो थंड इंजिनावरचा की गरम, हे पुस्तिकेत बघूनच फिलर गेज (अंतर मोजायची पातळ पानं) हातात घ्या. इंजिन चालू असताना संशयित रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये गेजचं पान सरकवून बघितलं आणि आवाज गेला, तर गुन्हेगार सापडला.

चार सिलिंडरच्या, १-३-४-२ फायरिंग ऑर्डरच्या इंजिनात सेटिंग सोपं आहे. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी झुलत असतील, म्हणजे एक बंद होता होता दुसरा उघडत असेल, तेव्हा पहिल्याचे सेट करा. दुसऱ्याचे झुलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे झुलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे झुलताना दुसऱ्याचे. सेट करूनही टिकटिक राहिली तर रॉकरच्या टोकाला खड्डा पडलाय का बघा. खड्डा असेल तर सपाट गेज त्याच्यावरून जातं आणि खरं अंतर जास्तच राहतं. आवाज नको म्हणून अंतर ठेवायचंच नाही, असं करू नका. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो, आणि मग हेडचं काम निघतं.

एकेक सिलिंडर बंद करून बघणं

ही सगळ्यात मोलाची चाचणी आहे. ठोका इंजिनाच्या आतला आहे असं वाटत असेल तर ही केल्याशिवाय एकही बोल्ट खोलू देऊ नका.

पॉइंट-डिस्ट्रिब्युटरच्या पेट्रोल गाडीत प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने एकेक काढून ब्लॉकला अर्थ करा. वायर मोकळी लटकत ठेवली तर कॉइल आणि कॅप खराब होऊ शकते. एका वेळी दहा सेकंद पुरेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) असेल तर त्याहून अजिबात जास्त नको, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन तो तापतो. ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात एक बंद केला की गाडी जोरात थरथरते, त्यामुळे थरथर बाजूला ठेवून फक्त ठोक्याकडे लक्ष द्या.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीत नोजलवर येणाऱ्या पाइपाचं नट, बहुतेक वेळा १७ किंवा १९ च्या पान्याने, अर्धा ते एक आटा ढिलं करा. भोवती फडकं, डोळ्यांवर चष्मा, हात फवाऱ्यासमोर नको. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम फार वाईट असते. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनावर) हे कधीही करायचं नाही. तिथे पाइपात हजार बारच्या पुढे दाब असतो. तिथली चाचणी स्कॅनरनेच.

आता ठोका काय करतो ते ऐका. एक सिलिंडर बंद केल्यावर ठोका गेला किंवा स्पष्ट कमी झाला तर दोष त्याच सिलिंडरचा: नोजल, पिस्टन, पिस्टन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) किंवा कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. एकेक करून काहीच फरक पडत नाही, पण शेजारचे दोन एकदम बंद केले की कमी होतो, तर त्या दोघांमधलं मेन बेरिंग, म्हणजे ब्लॉकमध्ये क्रँक ज्यात फिरतो ते. बंद केल्यावर आवाज उलट वाढला किंवा एकाचे दोन झाले, तर पिस्टन पिन. कशानेच काही होत नसेल तर टॅपेट, टायमिंग चेन किंवा बाहेरचा चोर.

डिझेलवाल्यांनो, आधी नोजल

डिझेलमध्ये एक सिलिंडर बंद केल्यावर ठोका गेला की लगेच "बेरिंग गेलं" असा निकाल दिला जातो. थांबा. त्या सिलिंडरचं नोजल शेजाऱ्याशी बदला, तांब्याचे वॉशर नवे टाका आणि चाचणी पुन्हा करा. ठोका नोजलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर बेरिंग निर्दोष आहे, काम पंपवाल्याकडे नोजल टेस्टिंगवर संपतं. ठोका मूळ जागीच राहिला तर खालच्या भागाकडे वळा. हा अर्ध्या तासाचा बदल इंजिन उतरवण्याचा खर्च वाचवतो.

खराब नोजल फवारा न मारता थेंब सोडतं किंवा कमी दाबाला उघडतं. जुन्या, प्री-चेंबरच्या (हेडमधल्या छोट्या खोलीत फवारा मारणाऱ्या) इंजिनात नोजल साधारण १२० ते १५० बारला उघडतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे थेट पिस्टनवर फवारा मारणाऱ्यात, १८० ते २५० ला. नेमका आकडा त्या इंजिनाचाच घ्या. सोबत काळा धूरही येतो. सगळ्याच सिलिंडरांवर सारखा कडक ठोका असेल तर पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, पुढे गेलंय का ते बघा. मागे पडलं तर पांढरा धूर, जीव नसलेली ओढ आणि तापणं. लाइनमध्ये हवा असली तरी ठोका येतो-जातो.

जानेवारीत धुळ्याचा पारा काही वेळा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे डिझेल इंजिन सुरू होताना मिनिट-दोन मिनिटं कडक आवाज करणारच, डायरेक्ट इंजेक्शनचं तर जास्तच. तो गरम झाल्यावर जात असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे) असलेल्या गाडीत ते तपासा आणि इंजिन सोडून द्या.

पेट्रोलची चढावरची खडखड

लळिंग घाटात किंवा चांदसैलीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी खडखड, आणि पाय उचलला की बंद: हे पिंगिंग. मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न बघता स्वतःच पेटतं. बेरिंगशी याचा संबंध नाही, पण चालू ठेवलं तर पिस्टनचा माथा आणि रिंगांमधल्या पट्ट्या फुटतात.

गरम इंजिनावर टायमिंग लाइट लावून खूण बघा. ठिणगीची वेळ पुढे असेल तर पुस्तिकेच्या आकड्यावर आणा. डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या की आयडलला टायमिंग बरोबर दिसतं आणि रेसवर फार पुढे जातं, म्हणून तेही बघा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पूर्ण पाय दाबा. दोन-तीन अंश मागे घेतल्यावर खडखड गेली तर निदान पक्कं. त्याहून मागे नेऊ नका, गाडी तापेल. टायमिंग बरोबर असूनही राहिली तर कार्बन, चुकीच्या उष्णतेचा प्लग, इनटेक गॅस्केटमधून घुसणारी हवा आणि तापणं हे चार बघा.

तापण्याबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं भरलं जातं, आत क्षारांचा थर बसतो, गाडी तापते, आणि उपाय म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून फेकला जातो. त्याने थर जात नाही. उलट हिवाळ्यात इंजिन कामाच्या तापमानाला पोचत नाही आणि सिलिंडर झिजतो. रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट परत बसवा, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरा.

खालचे ठोके

पिस्टन स्लॅप: पोकळ, भरड आवाज, थंड इंजिनावर ओढ देताना जास्त, गरम झाल्यावर कमी. पिस्टन आणि बोअरमधली फट वाढलीय. गरम झाल्यावर पूर्ण जात असेल आणि गाडी ऑइल खात नसेल तर असं इंजिन पुष्कळ काळ चालतं.

पिस्टन पिन: आयडलला येणारा, लागोपाठ दोन टोकदार ठोक्यांचा आवाज.

कनेक्टिंग रॉडचं बेरिंग: गरम इंजिन २००० ते २५०० वर न्या आणि पाय पटकन सोडा. वेग उतरत असताना, ताण जिथे बदलतो त्या क्षणी ठकठक उघडी पडते. इंजिन जितकं गरम तितकी स्पष्ट. हाच ठोका गाडी जागेवर उभी करायला लावणारा.

मेन बेरिंग: त्याहून खोल, धप्प असा, ओझं घेऊन ओढताना. ऑइलचा दाब सोबत पडलेला असतो.

संशय पक्का करायला ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. डॅशबोर्डचा दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणून दिवा विझलेला आहे याचा अर्थ दाब पुरेसा आहे असा नाही. इंजिन पूर्ण गरम करा. आयडलला ०.७ बार, म्हणजे १० पीएसआयच्या खाली, किंवा २००० वर २ बारही मिळत नसेल तर बेरिंग, पंप किंवा जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह यांच्यातलं काहीतरी गेलेलं आहे.

मग ऑइल पांढऱ्या सुती कापडातून गाळा आणि फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरा. चमक दिसली तर चुंबक फिरवा. चिकटणारे कण लोखंडाचे: रिंग, कॅम, क्रँक. न चिकटणारी रुपेरी भुकटी बेरिंगची किंवा पिस्टनची. तांबूस कण दिसले तर बेरिंगचा वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय.

चेंबर उतरवल्यावर

बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन न उतरवता चेंबर काढता येतो. प्रत्येक रॉड आणि त्याच्या कॅपवर नंबर आणि दिशा आधी खुणवा. कॅपची अदलाबदल झाली तर बेरिंगचा गोल बिघडतो. जिथे चाचणीने बोट दाखवलं तो कॅप पहिला उघडा. बेरिंगमधली फट प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक दोरीने) मोजा. ती बहुतेक इंजिनांत ०.०३ ते ०.०८ मिमी असते. क्रँकचा जर्नल (बेरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. ०.०५ मिमीच्या आसपास फरक असेल किंवा नखाला ओरखडा लागत असेल तर क्रँक ग्राइंडिंगला द्यावाच लागेल आणि ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिमी अंडरसाइझ, म्हणजे तेवढ्या घासलेल्या क्रँकला बसणारं, बेरिंग टाकावं लागेल. अंडाकृती जर्नलवर नुसते नवे बेरिंग बसवले तर ठोका थोड्याच दिवसांत परत येतो, आणि खर्च दोनदा होतो.

ठोका हेडचं काम झाल्यानंतर सुरू झाला असेल तर तपास वेगळा. डिझेलचं हेड जास्त घासलं गेलं किंवा पातळ गॅस्केट पडलं की पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला टेकतो. गॅस्केटच्या कडेला जाडीच्या खाचा किंवा भोकं असतात, जुन्याशी ती जुळवून बघा.

ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकच्या ऑइलच्या वाटा डिझेलने धुऊन हवेने फुंकल्याशिवाय बसवू देऊ नका. तिथे अडकलेली घासणीची भुकटी नवे बेरिंग खाते. ऑइल पंप तपासा, रॉडचे बोल्ट नवे घ्या, टॉर्क रेंचनेच आवळा. पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद ठेवून किंवा प्लग काढून गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंद, मध्ये बॅटरीला विश्रांती. पहिले ५०० किलोमीटर ओझं नको, चढाला खालचा गिअर, आणि ५०० झाले की ऑइल-फिल्टर बदलून तो फिल्टरही कापून बघा.